एकमताची दोरी

नगरपालिकेच्या इतिवृत्ताची वही ज्यांनी कधी चाळली असेल, त्यांना एक वाक्य ओळखीचे असेल. पानामागून पान ते येत राहते : 'ठराव एकमताने मंजूर.' गटारावर फरशी टाकायची असो, दिवाबत्तीचे सामान घ्यायचे असो, की कोणा थोर गृहस्थाच्या निधनाबद्दल दुखवटा असो. शेवटी हेच तीन शब्द. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक मुदत आमच्या गावच्या नगरपालिकेत काढली. दर सभेच्या आरंभी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय असे, आणि दर वेळी आम्ही ते तीन शब्द ऐकून माना डोलवीत असू. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितलेल्या माणसाला 'एकमत' हा साधा शब्द नीट कळलेला नाही, हे मात्र मला फार उशिरा समजले. तेही गावात नव्हे, हजारो मैलांवरच्या एका परक्या गावाच्या कचेरीत.

मुलगा नोकरीनिमित्त इटलीत फ्लॉरेन्सला होता. त्याच्याकडे गेलो असताना एक दिवस त्याने आम्हाला सिएनाला नेले. फ्लॉरेन्सहून दक्षिणेला सव्वा तासाचा मोटारीचा रस्ता. आजची वस्ती पन्नास-पंचावन्न हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गाव टेकड्यांच्या तीन सोंडांवर पसरले आहे आणि फार पूर्वीपासून त्याचे तसेच तीन भाग मानले जातात. या तीन सोंडा जिथे एकत्र उतरतात, तिथल्या खळग्यात गावाचा चौक आहे. त्याचे नाव कांपो, म्हणजे शेत. आणि त्या चौकाच्या सगळ्यांत खालच्या कडेला गावाची कचेरी आहे : पालात्सो पुब्लिको, आपल्या भाषेत सांगायचे तर लोकांचा वाडा.

मला पहिली गंमत वाटली ती या जागेची. सत्ता नेहमी उंचावर बसते. किल्ला डोंगरावर, देऊळ टेकडीवर, साहेबाचा बंगला गावाबाहेरच्या माळावर. या लोकांनी मात्र आपली कचेरी उताराच्या तळाशी बांधली. सारा चौक शिंपल्यासारखा तिच्याकडे उतरत येतो. पाऊस पडला की चारी बाजूंचे पाणी तिच्या पायापाशी जमते. आणि पाणी जिथे आपण होऊन जाते तिथे माणसेही जातात. तीन भागांतल्या कोणाच्याही अंगणात ती नाही. म्हणून ती तिघांचीही आहे.

तिचे बांधकाम सुरू झाले ते १२९७ च्या सुमारास. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ते साल १२९६. म्हणजे तोच काळ. इमारत दिसायला साधी आहे. खालचा मजला दगडाचा, वरचे भाजल्या विटांचे. मधला भाग उंच, दोन्ही बाजू बुटक्या. त्या बाजूंवरचा वरचा मजला पुढे १६८० च्या सुमारास चढवला. दर्शनी भिंत सरळ नाही. चौकाच्या वळणाला धरून ती किंचित आत वळली आहे, जणू समोरच्याचे बोलणे ऐकायला कोणी पुढे झुकावे तशी. खिडक्या तिहेरी, बारीक खांबांवर पेललेल्या कमानींच्या. त्यांच्यावर गावाची खूण, अर्धी पांढरी आणि अर्धी काळी ढाल.

या खिडक्यांची एक गोष्ट आहे. त्याच १२९७ साली गावाच्या कारभाऱ्यांनी नियम केला, की चौकाकडे तोंड असलेल्या प्रत्येक घराच्या खिडक्या अशाच बारीक खांबांच्या असाव्यात आणि कोणी पुढे सज्जे काढू नयेत. आपल्याला हा जुलूम वाटेल. घर माझे, पैसा माझा, खिडकी कशी असावी हे गावाने का सांगावे? पण चौकात उभे राहून भोवतालच्या घरांकडे पाहिले, की या नियमामागचा प्रश्न कळतो. भिंतीची आतली बाजू घरमालकाची, यात वाद नाही. बाहेरची बाजू कोणाची? मालक तर ती क्वचितच पाहतो. ती रोज पाहतात ते रस्त्यावरून जाणारे. आपण दिवाळीत आकाशकंदील टांगतो तो घराबाहेर. त्याचा उजेड आपल्या माजघरात येत नाही, तो रस्त्यावर पडतो. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. आपल्याच घराची एक बाजू गावाची असते, हे आपण वर्षातून चार दिवस न सांगता मान्य करतो. सिएनाच्या लोकांनी ते बाराही महिने मान्य केले, आणि विसरायला होऊ नये म्हणून लिहून ठेवले.

हे बाहेरचे झाले. मला जे सांगायचे आहे ते आतल्या भिंतींवर आहे.

त्या काळी गावाचा कारभार नऊजण पाहत. १२८७ पासून १३५५ पर्यंत ही नवांची राजवट चालली. नऊजणांची मुदत फक्त दोन महिन्यांची. तेवढे दिवस त्यांनी या वाड्यातच राहायचे, जेवायचे, झोपायचे. सणावाराखेरीज बाहेर पडायचे नाही. मुदत संपली की पुढचे वीस महिने त्या माणसाला पुन्हा त्या जागी बसता येत नसे. हे नऊजण १३१० साली वाड्यात राहायला आले. ज्या दालनात ते बसत, त्याच्या तीन भिंती त्यांनी आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या गावच्याच चित्रकाराकडून रंगवून घेतल्या. काम १३३८ मध्ये सुरू होऊन १३३९ मध्ये पुरे झाले. चौथ्या भिंतीला खिडकी आहे. आपण त्या दालनात उभे राहिलो की समोर चांगल्या कारभाराची मूर्तिमंत रूपे, एका हाताला चांगल्या कारभारात नांदणारे गाव, दुसऱ्या हाताला वाईट कारभारात पिचणारे गाव.

चांगल्या गावात काय आहे? फार मोठे काही नाही. चांभार दुकानात बसला आहे. मास्तर शिकवतो आहे आणि पोरे ऐकताहेत. (मी माझ्या सवयीने मागच्या बाकावरच्या पोरांकडे आधी पाहिले.) तरुण मंडळी फेर धरून नाचताहेत. उंचावर गवंडी नवे घर बांधताहेत. गावाचा दरवाजा उघडा आहे आणि त्यातून माणसे आणि जनावरे ये-जा करताहेत. पलीकडे शेते, सुगी, मळणी. वाईट गावात हेच रस्ते, हीच घरे; पण घरांची पडझड झालेली, शिपाई एका बाईला ओढून नेताहेत आणि बाहेरची शेते ओसाड. धंदा एकाच कारागिराचा चालू आहे : तो हत्यारे घडवतो आहे. या भिंतीचा रंगही सगळ्यांत जास्त उडून गेला आहे.

मधल्या भिंतीवर डावीकडे न्यायदेवता बसली आहे. तिच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन पेड खाली उतरतात आणि त्यांची एक दोरी होते. ती दोरी खाली बसलेल्या एका स्त्रीच्या हातात येते. या स्त्रीचे नाव कॉन्कॉर्डिया, म्हणजे एकमत किंवा एकोपा. ती दोरी तिच्याकडून जाते ती चोवीस नागरिकांच्या हाती. एकामागे एक उभे राहून ते ती पुढे पोचवतात, थेट उजवीकडच्या उंच आसनावरच्या वृद्ध पुरुषापर्यंत. काळ्यापांढऱ्या वेषातला हा वृद्ध म्हणजे कोणी राजा नव्हे. तो गाव आहे, सगळ्यांचे मिळून जे हित असते ते आहे. आणि तोही सुटा नाही. दोरीचे दुसरे टोक त्याच्यापाशी आहे.

मी त्या एकमताच्या मूर्तीपुढे बराच वेळ उभा राहिलो. तिच्या मांडीवर एक वस्तू आहे ती मला प्रथम ओळखू आली नाही. मग एकदम हसू आले. तो सुताराचा रंधा होता! आपल्याकडे एकोप्याचे चित्र काढायचे तर कोणी दोन हात एकमेकांत गुंफलेले काढील, कोणी काड्यांची मोळी काढील. या चित्रकाराने रंधा काढला. विचार केला तसे मला ते पटले. दोन फळ्या जुळवायच्या तर दोन्हींवरून रंधा फिरवावा लागतो. दोन्हींची साल निघते. फक्त दुसऱ्याच्याच फळीवर रंधा मारून सांधा जुळत नाही. आणि रंधा फिरतो तेव्हा आवाज होतो. न बोलता, न खरडता, आपोआप जुळलेल्या फळ्या कोणी सुताराने पाहिलेल्या नाहीत.

समोरच्या वाईट भिंतीवर शिंगे असलेला, तिरळ्या डोळ्यांचा जुलमी राजा बसला आहे. त्याच्या पायाशी तीच न्यायदेवता पडली आहे, पण दोरीने जखडलेली. आणि त्याच्या दरबारात दुही नावाची एक बाई आहे. तिच्या वस्त्राच्या एका बाजूवर 'हो' लिहिले आहे, दुसऱ्या बाजूवर 'नाही'. आणि ती करवत घेऊन स्वतःलाच कापते आहे. रंधा आणि करवत! एकाच सुताराच्या पेटीतली दोन हत्यारे. एका भिंतीवरची दोरी लोकांनी आपण होऊन हातात धरलेली. दुसऱ्या भिंतीवरची दोरी दुसऱ्याने आवळलेली. दोरीही एकच. फरक हाताचा.

इथवर सारे छान होते. दुसरा कोणी असता तर चित्राची छापील प्रत विकत घेऊन पुढे गेला असता. पण माझ्या मनात एक प्रश्न आला आणि तो मला पुढे जाऊ देईना. 'हो' म्हणणारा या चित्रात आहे, 'नाही' म्हणणारा आहे. दोन्ही न म्हणणारा कुठे आहे?

हा प्रश्न मला का पडला, ते आता सांगतो.

आमच्या नगरपालिकेची जुनी इमारत काही सिएनासारखी नव्हती. दगडी जोते, सागवानी खांब, वर मंगळुरी कौले आणि पुढे लांबरुंद ओसरी. ज्याने कोणी ती बांधली त्याने एक शहाणपण केले होते : ओसरी रस्त्याच्या बाजूला ठेवली होती आणि तिला कठडा नव्हता. बुधवारच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बाया डोक्यावरच्या पाट्या तिथे टेकवीत, लेकरांना पाजीत, कोपऱ्यातल्या रांजणातले पाणी पीत. कोणाला काही विचारावे लागत नसे. आत कारभार चाले आणि बाहेर ज्यांच्यासाठी तो चाले ती माणसे बसत.

एका सभेत विषय आला, की ओसरी बंद करून तिथे तीन गाळे काढावेत. नगरपालिकेला भाड्याचे उत्पन्न होईल. उत्पन्नाची गरज होती, हेही खोटे नव्हते. पण हे बरे नव्हे, हे मला लख्ख दिसत होते. बोलायला शब्दही जुळवून नेले होते. मात्र त्याच सभेत पुढे माझ्या वॉर्डातल्या रस्त्याचा विषय होता. आज मी यांना आडवा गेलो तर पुढे ते मला आडवे जातील, हा हिशेब मी मनात केला आणि गप्प बसलो. अध्यक्षांनी विचारले, "कोणाचा विरोध?" पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग कारकुनाने ते तीन शब्द लिहिले. थोड्या वेळाने माझा रस्ताही एकमताने मंजूर झाला.

रस्ता झाला. चांगला झाला; अजून टिकून आहे. पण गाळ्यांचे काम सुरू झाल्यावर एका बुधवारी भाजी घेऊन येणारी एक म्हातारी कचेरीसमोर उभी होती. तिचा नातू माझ्या हाताखाली शिकून गेलेला. मला पाहून ती म्हणाली, "गुरुजी, आता पाटी कुठं टेकायची?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला गावातले सगळे कळते असा तिचा समज होता, म्हणून तिने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले आणि पुढे निघालो.

सिएनाच्या त्या दालनात ती म्हातारी मला आठवली. तिथल्या चौकातही त्याच शतकात मैलोगणती जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आणून लोकांसाठी कारंजे केले. त्याचे नाव 'आनंदाचे कारंजे' असे आहे. आम्ही होता तो रांजण हलवला होता. आमच्या सभेत दुही नव्हती. कोणी भांडले नाही, कोणी करवत काढली नाही. पण रंधाही कोणी काढला नाही. आमचे एकमत म्हणजे सतराजणांचे सतरा वेगळे हिशेब होते आणि ते सगळे गप्प बसण्यात जुळत होते. दोरी आमच्यापैकी कोणी तोडली नाही. हातातून सोडून दिली, इतकेच. आणि सोडताना आवाज होत नाही.

कुणी म्हणेल, एवढे कशाला लावून घेता? ते नऊजण तरी कोण संत होते? हे खरे आहे. ते व्यापारी आणि पेढीवाले होते. सरदारांना त्यांनी कारभारातून वगळले होतेच; पण मजुरांना आणि लहान कारागिरांनाही त्यात जागा नव्हती, बायकांची तर गोष्टच नको. 'आमचा कारभार म्हणजे चांगला कारभार' हे लोकांच्या मनावर ठसवणे हाही चित्राचा एक हेतू असणार. १३५५ मध्ये लोकांनीच बंड करून त्यांची राजवट उलथली. चित्र त्यांना वाचवू शकले नाही. त्याआधी १३४८ मध्ये प्लेगची भयंकर साथ आली, तीही चित्राने अडवली नाही. त्याच वर्षी वाड्याचा सुमारे ८८ मीटर उंचीचा मनोरा पुरा होत होता. आन्योलो दि तुरा नावाच्या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. चित्रकार लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असे मानतात. गावाच्या थोरल्या चर्चचा मोठा विस्तार चालला होता, तो अर्धवट राहिला. त्याची एकटी उंच भिंत अजून उभी आहे.

मग त्या चित्राचा उपयोग काय झाला? मला वाटते, असे पाहण्यात आपली चूक होते. चित्र म्हणजे फळाची हमी नव्हे. ते वचन आहे. वचन देणारा कसा होता, यावर वचनाचा खरेखोटेपणा ठरत नाही. बाप आपल्या मुलाला सांगतो, खोटे बोलू नकोस. बाप स्वतः बोललेला असतो. म्हणून ते सांगणे खोटे होत नाही. उलट एकदा भिंतीवर लिहिलेले वचन लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. त्या नवांनी आपली स्तुती म्हणून जे रंगवून घेतले, त्यावरूनच पुढच्या प्रत्येक कारभाऱ्याला कोणीही जाब विचारू शकला. साथीतून वाचलेल्यांनी १३५२ पासून मनोऱ्याच्या पायथ्याशी नवसाचे छोटे देऊळ बांधायला घेतले. म्हणजे चार वर्षांतच ती दोरी दुसऱ्या हातांनी उचलली होती. पुढे १४२७ मध्ये सिएनाचा संत बेर्नार्दिनो याच चौकात लोकांना उपदेश करीत होता. गावातल्या तटांची भांडणे मिटावीत म्हणून तो तळमळत होता, आणि आपल्या प्रवचनांत त्याने या वाड्यातल्या शांततेच्या आणि लढाईच्या चित्रांची लोकांना आठवण दिली. नऊजण जाऊन तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती. चित्र मात्र गावाच्या कामी येत होते. आजही ती इमारत केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठेवलेली नाही. एका भागात संग्रहालय आहे, आणि नगराचा कारभार अजून तिथूनच चालतो.

गावाची कचेरी म्हणून जी इमारत आपण बांधतो, ती फाइली ठेवायला बांधत नाही. फाइली कुठेही राहतील. माणूस एकटा असताना विसराळू आणि मतलबी असतो हे माणसाला ठाऊक असते. म्हणून कधीतरी शहाणपणाच्या क्षणी तो आपल्या हाताने स्वतःलाच एक दोरी बांधून घेतो. सिएनाकरांनी ती भिंतीवर काढली. आमच्या गावच्या अनाम गवंड्याने ती कठडा नसलेल्या ओसरीत बांधली होती. मी ती वाचायला शिकलो नव्हतो.

परत आल्यावर मी काही मोठे केले नाही. गाळे तसेच आहेत. भाडे येते. मात्र पुढच्या निवडणुकीत आमच्या आळीतली, माझी एक जुनी विद्यार्थिनी निवडून आली. पहिल्या सभेआधी ती घरी पाया पडायला आली आणि म्हणाली, "गुरुजी, काहीतरी सांगा." मी तिला ओसरीची सगळी हकीकत सांगितली, माझ्या रस्त्याच्या हिशेबासकट. सांगणे सोपे गेले नाही. विद्यार्थ्यापुढे आपली चूक फळ्यावर लिहिण्याची मास्तरांना सवय नसते. शेवटी म्हणालो, "पटले नाही तर एवढेच म्हण, 'माझा विरोध नोंदवा.' भांडू नकोस. नोंद मात्र करून घे."

काही महिन्यांनी ती इतिवृत्ताची प्रत घेऊन आली. विषय लहानच होता; बाजारातली एक मोकळी जागा भाड्याने देण्याचा. तिने विरोध केला होता. ठराव तरीही मंजूर झाला होता. पण त्याच्या अखेरीला कारकुनाने लिहिले होते, 'बहुमताने मंजूर', आणि खाली तिचे नाव व तिचे म्हणणे दोन ओळींत. ती जरा खट्टू होती. म्हणाली, "हरले ना गुरुजी."

मी चष्मा लावून त्या ओळी पुन्हा वाचल्या. रंध्याचा आवाज मला ऐकू येत होता.